आतल्या बाजूची वाफ

दादा युद्धात गेला तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. बॉम्बर विमानाच्या शेपटीतल्या काचेच्या कोठडीत तो बंदूक धरून बसायचा. तो परत आलाच नाही. तसंच एक विमान संग्रहालयात ठेवलंय म्हणून त्याची धाकटी बहीण, आता पार म्हातारी झालेली, ते बघायला आली.

"कोठडी कायमची बंद आहे, आजी. तरी आतून वाफ धरते," काच पुसणारा म्हणाला. "आमची तर मतीच गुंग झालीय."

बहिणीला गंमत वाटली. लहानपणी दोघं खिडकीवर फुंकर मारून फुली-गोळा खेळत. तिने काचेवर फुंकर मारली, घरं आखली आणि मधोमध गोळा काढला.

"अहो, हात नको!" म्हणत तो फडकं घेऊन धावला आणि जागीच थबकला.

आतल्या वाफेवर, कोपऱ्यातल्या घरात, हळूहळू फुली उमटत होती.

"पुसू नका," बहीण म्हणाली. "आता माझी पाळी आहे."