येतो म्हणून गेलेला

"एका बैठकीत वाचून काढली," प्रशील सर म्हणाले. "हसून हसून पुरेवाट झाली माझी."

संघमित्रा हसली नाही. तिला कौतुक नको होतं, निकाल हवा होता. स्वमग्न मुलांमध्ये पंधरा वर्षं काढलेला माणूस तिला धुळ्यात हाच एक सापडला होता.

कादंबरी तिनंच लिहिलेली, प्रेमाची आणि विनोदी, नायक स्वमग्न. नाव तेवढं बदललेलं, माणूस खरा. चोपड्याचा नवीन नावाचा मुलगा, केळीचे ट्रक भरून पाठवणारा. त्यानं लग्नाचं विचारलं होतं आणि रविवारी उत्तर द्यायचं होतं.

"तो माझी मजा घेतो, की त्याला खरंच कळत नाही, एवढंच सांगा," ती म्हणाली. "कळत नसेल, तर मी आनंदानं हो म्हणेन."

बोलता बोलता उठून तिनं पंखा बंद केला. त्याच्या खडखडीत तिला बोलणं सुचेना. सर घाम पुसत पानं चाळू लागले.

"हे बेचाळिसावं पान. तो 'येतो' म्हणून निघतो आणि ती स्टँडवर तीन तास थांबते."

"सव्वातीन. हा तिकडे चोपड्याला जेवत होता."

"आणि हे त्याच्या घरचं?"

"आई म्हणाली, 'हाई घर तुनंच शे, बेटा.' घर माझंच, म्हणून मी त्यांचे डबे उंचीप्रमाणे लावून दिले. घरातले बठ्ठे गप्प. हा मात्र एकेक डबा पुसून माझ्या हातात देत होता. असं कुणी करतं का?"

सरांनी कागद खाली ठेवले. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"रीतसर तपासणी नंतर करू, मॅडम. पण नायकाला काही नाही. मला वाटतं, नायिका स्वमग्न आहे."

संघमित्रानं बेचाळिसावं पान पुन्हा वर काढून वाचलं. शाळा, कॉलेज, दुरावलेल्या मैत्रिणी, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. रडू आलं आणि त्यातच कुठेतरी हायसंही वाटलं. मग भीती वाटली.

"त्याला सांगायला हवं," ती म्हणाली. "ऐकून त्यानं विचार बदलला तर?"

"त्यानं तुम्हाला सांगायची परवानगी दिलीय, म्हणून सांगतो," सर म्हणाले. "सहा महिने झाले, दर शनिवारी नवीन माझ्याकडे येतो, तुमच्याशी कसं बोलावं ते शिकायला."