पूर्ण नाव

बाईंनी टेबलावर हात टेकून डोळे मिटले आणि विचारलं, आज कोणाकोणासाठी प्रार्थना करायची. शुक्रवारचा पहिला तास. शाळेची रीत अशी, की मुलाने उभं राहून नुसतं नाव सांगायचं, कारण कुणी विचारायचं नाही. बाई ते नाव मोठ्याने घेणार आणि सगळा वर्ग म्हणणार, आमेन.

एकीने आजारी मांजरीचं नाव दिलं. खिडकीजवळच्या बडबड्याने नेहमीप्रमाणे आजोबांचं दिलं, वर त्यांचे गुडघेही जोडले. ते गुडघे एव्हाना देवाला तोंडपाठ झाले असणार. दुसरीच्या पोरांचं काय, देवाशीसुद्धा त्यांची घसट असते.

मग शेवटच्या बाकावरची ‘नवी’ उभी राहिली. शाळेत येऊन अर्धं वर्ष उलटलं तरी पोरं तिला नवीच म्हणत. आजवर तिने कधी कुणाचं नाव दिलं नव्हतं. आज दिलं, तेही आडनावासकट.

बाईंनी डोळे उघडले.

ते तिच्या वडिलांचं नाव होतं. बाईंनी ते कोर्टात ऐकलं होतं, पुकारा होताना; शाळेत तर ते पोराटोरांनाही ठाऊक होतं. याच माणसाने पिऊन ट्रक चालवला आणि बाईंचा एकुलता एक मुलगा, त्यांचा पिटुकल्या, शाळेच्या फाटकासमोर गेला. माणूस तुरुंगात होता. त्याच्या मुलीला शाळेत घ्यायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या होत्या, दुसऱ्या तुकडीत घालू. बाईच म्हणाल्या, नको, माझ्याच वर्गात द्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे डोळे पाणावले होते. आता तो मोठेपणा अंगाशी आला होता. हजेरी घेताना त्या पोरीकडे बघणंही बाईंना होत नसे.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली मॉनिटर मागे वळली. “ए, बस खाली. ते नाव नाही चालत.”

नवी बसली नाही. रडलीही नाही. बाकाची कड घट्ट धरून ती बाईंकडे बघत राहिली.

बाईंना वाटलं, तास संपावा. वाटलं, सरळ सांगून टाकावं, आज एवढीच नावं पुरेत. कोण जाब विचारणार होतं त्यांना? सिस्टरसुद्धा नाहीत. आणि देव म्हणाल, तर पिटुकल्या गेल्यापासून तोच बाईंसमोर यायला ओशाळत असेल. मग त्यांना त्या एवढ्याशा पोरीचा संताप आला, अगदी मस्तकात गेला, आणि पाठोपाठ त्या संतापाची लाज वाटली.

रीत सगळ्यांना सारखी, असं त्यांनी मॉनिटरला सांगितलं आणि पुन्हा डोळे मिटले. नाव निघालं, पण आडनावाशी आवाज अडला. त्या खाकरल्या, पहिल्यापासून सुरुवात केली आणि ते पूर्ण नाव घेतलं.

आमेन आलंच नाही.

बाईंनी पाहिलं, सगळी पोरं ओठ दाबून बसली होती. बडबड्यासुद्धा. पोरं बाईंच्या बाजूने होती. पिटुकल्या गेल्यापासून त्यांच्यावर इतकी माया कुणी केली नव्हती, आणि क्षणभर ती त्यांना फार गोड लागली. नवी अजून उभीच होती.

बाई टेबलामागून निघाल्या. बाकांच्या मधून मागे गेल्या आणि तिच्या शेजारी, वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“मला एकटीला जमत नाहीये रे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणा माझ्याबरोबर.”