पिछाडीची गाठ

ट्रकची फळी धाडकन जमिनीवर आपटली आणि घोडी बिचकून मागे सरली. सून तिच्या आणि फळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आधी मला चढवा," ती म्हणाली.

"जागा आहे," सासरे खुर्चीतूनच म्हणाले. "दोघी मावाल."

तंबूंतले पाहुणे चहाचे कप घेऊन बाहेर आले होते. नदीकाठच्या झाडीत घोड्यांबरोबर दोन दिवस राहायला म्हणून ही माणसं शहरातून यायची. घरातलं भांडण त्यांना आज वर फुकट मिळत होतं. ट्रक घेऊन आलेला दलाल लाथाळ जनावरं विकत घ्यायचा. पुढे त्यांचं काय करायचा हे त्याला कोणी विचारत नसे, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सासऱ्यांच्या छातीला पट्टा होता. मागल्या आठवड्यात त्यांच्या फासळ्या मोडल्या. घोडीने लाथ मारली, असं ते स्वतः म्हणाले. त्या वेळी तिथे फक्त त्यांचा मुलगा, सुनेचा नवरा होता. तोही तेच म्हणाला. त्यानेच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. लाथ मारणारं जनावर पाहुण्यांत ठेवणार कसं? त्यात घोडी सुनेच्या माहेरची. आठवडाभर म्हाताऱ्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "माहेरची माणसं टोमणे मारतात, माहेरची जनावरं लाथा मारतात."

सुनेच्या अंगाचा तिळपापड होत होता तो वेगळ्याच गोष्टीने. या माणसाने आयुष्यात एक घोडं विकलं नव्हतं. म्हातारी, लंगडी, डोळ्यांनी अधू, सगळी इथेच झाडांखाली खाऊनपिऊन मेली. मुलगा म्हणायचा, घोडे काढा, त्या जागी लाकडी खोल्या बांधू, चार पैसे दिसतील. त्यावरून बापलेकाचं रोज वाजायचं. म्हातारा दर वेळी म्हणायचा, आधी मला काढ, मग घोडे. आणि तोच आज तिची घोडी खाटकाच्या दारात लोटायला निघाला होता. सून डोळ्यांत सलते, मग तिचं जनावर कसं खपेल, असा सरळ अर्थ तिने लावला होता. त्या क्षणी तिला सासऱ्यांचा मनापासून तिटकारा आला.

नवऱ्याचाही आला. तो ना बापाकडे बघत होता ना बायकोकडे. दलालाला फोन त्यानेच केला होता. आता तोच दोर धरून घोडीला पुढे ओढत होता.

"त्या संध्याकाळी मी हिला पिछाडी बांधून नदीवर गेले होते," ती पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मागचे दोन्ही पाय खुंट्याला. लाथ मारेल कशी?"

"बांधली असशील. सुटली," सासरे म्हणाले. "तुमच्याकडच्या गाठी तशाच."

हे मात्र तिला झोंबलं. घोड्यांत वाढलेल्या पोरीला काहीही बोलावं, तिच्या गाठीला नावं ठेवू नयेत. तिने खुंट्यावरचा दोर उचलला आणि सगळ्यांदेखत घोडीला पिछाडी बांधली. मग चुलीजवळचं पातेलं घेतलं आणि घोडीच्या मागे उभी राहून दणादणा बडवलं. पाहुण्यांतली एक बाई किंचाळली. घोडी उसळली, थरथरली, दोर ताणला गेला. खूर जागचे हलले नाहीत. सुनेने पुन्हा बडवलं. पुन्हा तेच.

"या, सोडून दाखवा," ती दलालाला म्हणाली.

दलालाने नखं लावून पाहिली, शिवी हासडली आणि हात झटकले. "ही कापावीच लागेल," तो म्हणाला.

"मी परत आले तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात," ती सासऱ्यांकडे वळली. "घोडी बांधलेलीच होती. ती गाठ मी सोडली, या हातांनी. दात लावावे लागले."

"गप्प बस!" नवरा ओरडला. सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. अर्थातच बापाच्या बाजूने, तिला वाटलं, आणि ती आणखी पेटली.

"नाही बसणार. बाबा, पडलात म्हणून सांगा ना! घोडेवाल्याला पडायची लाज वाटते, म्हणून मुक्या जनावराचा जीव घेता? थू तुमच्या इभ्रतीवर!"

पाहुण्यांत कोणीतरी "अगं, अगं" केलं. सासरे मात्र चिडले नाहीत.

"पडलो नाही मी," ते म्हणाले. "डॉक्टरने तपासलंय. लाथेचाच मार आहे."

"मग कोणाची लाथ?"

दलालाने ट्रकला टेकून सिगारेट पेटवली. नवऱ्याने हातातला दोर खाली टाकला आणि तो नदीच्या दिशेने भराभर चालू लागला. सासरे त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी पाहुण्यांवर एक नजर टाकली आणि सुनेला बोटाने जवळ बोलावलं. ती गेली, पण ताठच. त्यांनी तिच्या मनगटाला धरून तिला खाली वाकवलं.

"जनावराची लाथ चारचौघांत सांगता येते, सूनबाई," ते तिच्या कानाशी म्हणाले. "पोटच्या पोराची कशी सांगू?"