भरपूर तपशील

नागोराव दांडी गावात दामूच्या घरी पोचला तेव्हा दामू डाव्या हाताने चहा पीत होता, आणि निम्मा चहा बनियनला पाजत होता. उजव्या हाताला पांढरी पट्टी. त्या हाताची मधली तीन बोटं दहा दिवसांपूर्वी कारखान्यात प्रेसखाली गेली होती.

"या, सुपरवायझर. हात मिळवला असता, पन निम्माच हाय."

नागोरावला हसता येईना. प्रेस थांबवून तो हात त्यानेच बाहेर काढला होता. माल भरभर निघावा म्हणून साहेबांनी प्रेसची सुरक्षेची जाळी काढायला लावली होती, ती काढणाराही तोच.

त्याने बॅगेतून कागद काढला. साहेबांनी टाईप करून घेतलेला. दामू दोन जुलैला रजेवर होता, घरी मासा कापताना कोयता लागून बोटं तुटली, कारखान्याचा काही संबंध नाही. मध्ये दोन ओळी मोकळ्या, खाली अंगठ्याला जागा.

"तपशील भरून आण," साहेब म्हणाले होते. "भरपूर भर. तपशील असला की खोटंही खरं वाटतं."

"अंगठा दिलास तर गेटवर बसायचं काम देतो म्हणालेत," नागोराव जमिनीकडे बघत म्हणाला. "नाही दिलास तर कामावर येऊ नको."

"आनि भरपाई?" आतून पुष्पलता, दामूची बायको, बाहेर आली. "म्हंजे बोटं पन आमचीच नि चूक पन आमचीच. आमच्यात बाप्ये मासा कापीत नाय, भाऊ. गावात कोनाला पन इचारा. ह्याला तर धुता पन येत नाय."

"गप गं," दामू म्हणाला. "त्या दिशी कापला. लिवा तुमी, सुपरवायझर."

"काय लिहू?"

"सुरमई लिवा. ताजी. दादूची होडी राती लांब दर्यात गेलेली, पहाटे आली. मासा फडफडत होता, म्हनून कोयता सटकला."

पुष्पलता नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिचा पदर तोंडाला गेला. "टोपलीभर आनलेली," ती पदराआडून म्हणाली. "आख्ख्या आळीत वाटली. ते पन लिवा."

नागोरावने ते पण लिहिलं. दामूने डावा अंगठा शाईत बुडवला आणि टेकवला. वाद नाही, शिवी नाही. इतकं सोपं काम झालं, तरी नागोरावला बरं वाटेना. दोन शिव्या तरी घालायच्या होत्यास, बाबा.

बाहेर पावसाची भुरभुर होती. किनाऱ्यावर गावच्या होड्या वर ओढून ओळीने ठेवलेल्या, नारळाच्या झापांनी झाकलेल्या. एका झापाखाली म्हातारी काशीबाई बकरी बांधत होती. नागोराव आडोशाला शिरला.

"मावशी, आज होड्या गेल्या नाहीत?"

"पावसाळ्यात कोन जातो दर्यात? मरायला?" म्हातारी बकरीलाच सांगितल्यासारखी बोलली. "महिना झाला वर घेऊन. नारळी पुनवेला नारळ वाहिला का मग जायाचं. तवर सुकं खायाचं."

"मग ताजी सुरमई?"

"सपनात."

नागोराव परभणीचा, साहेब इंदूरचे. समुद्रालाही सुट्टी असते हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आता हा कागद साहेब स्वतः नेऊन लेबर कोर्टात ठेवणार. तिथला पट्टेवाला जवळच्या सातपाटीचा कोळी निघाला, तर पहिला तोच हसणार.

दामूचं घर हाकेवर होतं. परत जावं, कागद फाडावा, दुसरा लिहून घ्यावा. नाहीतर उद्या साहेब विचारणारच, हे तुला कसं कळलं नाही म्हणून. नागोराव बकरीशेजारी बराच वेळ उभा राहिला. बकरीने त्याच्या बॅगेचा पट्टा चावून पाहिला.

"मावशी, सुरमईहून मोठा मासा कुठला?"

"घोळ. मानसाएवढी असते."

कागदावर अजून अर्धी ओळ रिकामी होती. भरपूर भर, असं साहेबच म्हणाले होते. नागोरावने पेनाचं टोपण दातात धरलं.