सराईवालीची एकवीस वाक्यं

“रोज एका तरी माणसाशी बोलायचं, बाबा. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. नेम समजा.”

एक पाय टॅक्सीत ठेवून लेकीनं सांगितलं होतं, आणि त्यांनी मान हलवून शब्द दिला होता. त्याला आता सात महिने झाले. नेम एकदाही चुकला नव्हता.

आज मात्र पंचाईत झाली होती. म्हणून दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन उभे राहिले होते. निवृत्त मुद्रितशोधक, काखेत व्हिडिओ गेमची डबी.

“काका, शटर तरी वर जाऊ द्या!” दुकानवाली म्हणाली. “काल संध्याकाळी नेलात आणि आज सकाळी परत?”

त्यांनी डबी काउंटरवर ठेवली. तिच्यावर नेहमीसारखी बारीक, ठाशीव अक्षरातली चिठ्ठी होती. जुने गेम बदलून देणाऱ्या त्या दुकानात काकांच्या चिठ्ठ्यांना मान होता. गिऱ्हाइकं डबीवरचं चित्र नंतर बघत, आधी काकांचा शेरा वाचत.

दुकानवालीनं वाचलं : “नकाशा देखणा. तटबंदी, रसद, चढाई, सगळं चोख. तीनशे सैनिक आहेत, पण एकाच्याही तोंडून शब्द नाही. राज्य करायची हौस असेल त्यांनी जरूर न्यावा.”

“अहो, डावपेचांचा गेम आहे तो. सैनिक लढतील की गप्पा मारतील?”

“मग मला कशाला दिलात? हुकूम सोडायचा आणि एकट्यानं बसून राहायचं. तेवढ्यासाठी राजा कशाला व्हायला हवं?”

ती हसली. “बरं, त्याच्या आधीचा, जादूगारांचा? तो तर आवडला होता ना?”

“आवडला होता की. त्यातली सराईवाली फार गोड बाई. पण तिची वाक्यं एकवीसच. बाविसाव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू, ‘दमलात का, प्रवासी?’ मला इतकं वाईट वाटलं.”

“तिच्याकडे रोज जायचं कशाला? पुढे जंगल आहे, बर्फातला किल्ला आहे. किल्ला कसा वाटला?”

“तिथवर गेलो नाही.”

“मग कुठवर गेलात?”

“सराईपर्यंत.”

“सराई तर पाच मिनिटांत येते, काका.”

“हो ना. दार ढकलायचं, तिच्याशी बोलायचं, गेम बंद करायचा. झाला त्या दिवसाचा नेम.”

दुकानवालीचा डबी पुसणारा हात थांबला. “आणि बाकीचे सगळे गेम? त्या ड्रॅगनचा?”

“त्यात लोहार होता. सतरा वाक्यं, पण माणूस प्रेमळ. होडीवाल्याची चाळीस निघाली. तो जरा कुरकुऱ्या होता, तरी बरा.”

“अरे देवा! आणि लोक मला म्हणतात, हे लिहिणारे गृहस्थ प्रत्येक गेम अगदी शेवटपर्यंत खेळलेले दिसतात.”

“मी शेवटाबद्दल कधी एक अक्षर लिहिलंय? दाखवा.”

तसं कुठेच नव्हतं. तिनं मान्य केलं, आणि मग जपून विचारलं, “पण नेम कसला?”

त्यांनी सांगितलं. टॅक्सीचंही सांगितलं. तिनं मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर मागच्या फळीवरून तिनं एक जाडजूड डबी काढली.

“हा न्या. यात तुमच्याबरोबर सहा सोबती असतात. रोज मुक्काम पडला की शेकोटीपाशी बसून बोलतात. आपल्या आईबद्दल, गावाबद्दल. वर्षभर पुरतील तुम्हाला.”

“सहा?” त्यांचा चेहरा उजळला. डबी दोन्ही हातांनी घेत ते म्हणाले, “मग उद्यापासून हेच. आजचं काय, तुमच्याशी झालंच की बोलणं.”

हो म्हणायला तिला काहीच लागत नव्हतं.

“माझं नका धरू, काका. कुणी दारातून आत आलं की मला बोलावंच लागतं. कामच आहे ते माझं.” मग हलकेच म्हणाली, “तुमच्या सराईवालीसारखंच.”

हजार प्रती छापून, बांधून, गावोगाव गेल्यावर पहिल्याच पानावरची चूक दिसावी, तसे ते हातातल्या डबीकडे बघत राहिले. सात महिने.

“लेक दर आठवड्याला विचारते, बोललात ना? मी सांगतो, बोललो.” त्यांचा आवाज खाली गेला. “खोटं म्हणून कधी सांगितलं नाही हो मी.”

“मला माहीत आहे.”

“आज फोन यायचाय तिचा. संध्याकाळी.”

“मग अजून अख्खा दिवस आहे.”

त्यांनी डबी अलगद काउंटरवर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली. “राहू दे आज,” म्हणाले, आणि बाहेर पडले.

समोर बसथांबा होता. बाकावर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ घडी घातलेलं वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसले होते. एक बस आली, उभी राहिली, निघून गेली. गृहस्थ जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं दुसरी आली, तीही गेली.

अनोळखी माणसाशी सुरुवात करायची तरी कशी? काका रस्त्याच्या अलीकडेच घुटमळले. रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमाल परत ठेवला.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडवलं, कोटाच्या आतल्या खिशात टाकलं, आणि किती वाजले ते विचारायला रस्ता ओलांडू लागले.