चार भज्यांची अर्धी भाकर

"पानावर नको देऊ बे, हातातच दे," म्हणत उत्तमराव भट्टीच्या आडोशाला सरकले.

भजेवाला वाहेद हसला. "पाटील, भजेच खाऊन राह्यले ना? पाह्यणाऱ्याले वाटंल, चोरीचा माल वाटून घेऊन राह्यले."

"बोलू नको. चारच दे."

चारच. पाचव्याला त्यांनी कधी हात लावला नाही. उत्तमराव बेइमानीतही हिशोबाचे पक्के होते.

हिशोब शेगावच्या डॉक्टरांचा होता. माडी चढताना नवऱ्याला धाप लागते हे पाहून कोकिळेनं तान्ह्या पोराला काखेत घेतलं, बैलांची दमणी जुंपायला लावली आणि त्यांना हट्टानं वरवटहून शेगावला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "हृदयावर चरबी चढलीय. पोराचं लग्न पाहायचं असेल तर ती उतरवा. सकाळी एक भाकर, सांजेला एक. तळलेलं, गोड, सगळं बंद. आणि आधी वजन करून या."

माणसाचं वजन करायला काटा होता तो कापसाच्या जिनात. कोकिळा तेवढ्या वेळात महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला गेली, ते बरंच झालं. काट्यावरचा हमाल म्हणाला, "पाटील, सरकीसकट लिहू का सरकी काढून?" आणि सारं जिन हसलं.

उत्तमराव एकटेच दवाखान्यात परतले. डॉक्टर म्हणाले, "आता प्रत्येक घासातली कॅलरी मोजायची."

"कालरा?" उत्तमराव दचकले.

"कॅलरी हो. अन्नातली ऊब म्हणा."

उत्तमरावांनी जरा विचार केला. "मंग अर्धी भाकर सोडली, आन तेवढ्याच उबीचे भजे खाल्ले तं?"

डॉक्टर चष्म्यावरून पाहत राहिले. "चार लहान भजी म्हणजे अर्धी भाकर धरा. हिशोब जुळेल पाटील, पण मन ताब्यात राहणार नाही. नकोच ते."

हे शेवटचं वाक्य आपल्याला नीट ऐकूच आलं नाही, असं उत्तमराव स्वतःला सांगत.

भज्यांचा वास लपवायला बडीशेप चघळत ते भट्टीवरून घरी आले. कोकिळेनं ताट वाढलं. एक भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. त्यांनी भाकरीचे दोन भाग केले, एक खाल्ला आणि हात धुतला.

"उरली?" कोकिळेनं विचारलं.

"भूक नाई."

तिचा चेहरा उजळला. रोज उजळायचा. तिनं कधी 'घ्या अजून घासभर' म्हटलं नाही. ताट उचलून ती चुलीपाशी गेली. साऱ्यांची जेवणं झाल्यावर शेवटी ती त्याच ताटात जेवायला बसे, लग्न झाल्यापासून. तो उजळलेला चेहरा उत्तमरावांना सोसवत नसे. ती भांडली असती, तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला जिनातला काटा थोडा उतरला. शेजारची सोजराबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "भाऊजी, कोकिळा साऱ्या आळीत तुमचं कौतुक सांगून राह्यली. अर्धी भाकर टाकून उठता म्हने! आमच्या मालकाले शिकवा जरा. ते तं ताट बी खाऊन टाकतीन."

उत्तमराव हसले. कान मात्र तापले होते.

त्याच दिवशी त्यांनी कोकिळेकडे नीट पाहिलं. पाळणा हलवताना तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. पोर छातीशी लागायचं, चुकचुक करायचं आणि रडायचं. उत्तमरावांची आई, झुंबरबाई, म्हणाली, "तुह्या काळजीनं इचं दूध आटलं रे बाप्पा. धड दिसते का पोरगी?"

ते शब्द उत्तमरावांच्या जिव्हारी लागले. ही माझ्या काळजीनं वाळून राह्यली, आणि मी भट्टीमागं उभा राहून बोटं चाटतो. त्यांना स्वतःच्याच हाताची किळस आली.

दुसऱ्या दिवशी वाहेदनं हाक मारली, "पाटील, गरम हायेत!"

"मले नको."

"तबियत बरी हाय ना?"

"आता होईन," उत्तमराव म्हणाले, आणि मागं न पाहता निघाले.

सांजेला ते पानावर बसले. पूर्ण भाकर खाल्ली. शेवटचा तुकडा भाजीच्या रसात फिरवला, ताट बोटानं पुसून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"आज काई टाकलं नाई," ते म्हणाले.

कोकिळा ताटाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं झालं. पोट भरलं ना?"

"हाव."

ती ताट घेऊन आत गेली. उत्तमराव अंगणात बाजेवर टेकले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. सारं एकदा तिला सांगून टाकावं, असंही मनात आलं. तेवढ्यात पोर कुरकुरू लागलं. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि तिच्याकडे द्यायला ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले.

आत झुंबरबाई बोलत होती. "काऊन वं कोकिळे, रिकाम्या ताटापुढं काय बसली? टोपल्यात भाकरी हायेत ना?"

"त्या मले चालत नाईत, आत्याबाई. कोनाले सांगाचं नव्हतं. समाधीपुढं नवस बोलली होती मी. तुमच्या लेकाच्या अंगावरची चरबी उतरेपर्यंत, यायच्या ताटात उरंल तेवढंच अन्न खाईन."

"अवं माय! आन काईच नाई उरलं तं?"

"रोज उरत होतं ना," कोकिळा म्हणाली. "महाराजच ठेवत होते माह्यासाठी अर्धी भाकर. आजच काऊन इसरले, काय मालूम."