वरचे साहेब

"सुटलाच म्हणून समजा," असं वकील शिंप्याच्या बहिणीच्या कानात कुजबुजला, आणि नेमकं तेव्हाच मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

खटल्यात काही दम नव्हता. दुकानासमोरच्या भांडणात ठेकेदाराच्या मेहुण्याच्या दंडाला कात्री लागली. टाके पडले, जखम भरली, मेहुणा आता त्याच हाताने पत्ते पिसत होता. कात्री शिंप्याची, पण ती कुणाच्या हातात होती हे एकाही साक्षीदाराला सांगता येईना. एक तर उलटतपासणीत चक्क म्हणाला, "मला ठेकेदारांनी सांगितलं तेवढंच ठाऊक." त्यावर कोर्टाचा शिपाईसुद्धा तोंड फिरवून हसला होता.

साहेबांनाही सगळं दिसत होतं. निर्दोष म्हणायचं की काम संपलं. पण ठेकेदार म्हणजे बडं प्रस्थ. शिंप्याला सोडावं तर तो डूख धरणार, शिक्षा द्यावी तर आपलंच मन खाणार. माणूस वाईट नव्हता हो. फक्त कुणाच्या डोळ्यांवर यायची त्याची तयारी नव्हती.

कायद्यात वाट होती. निकालाआधी केव्हाही, प्रकरण आपल्या आवाक्यापेक्षा मोठं वाटलं, तर ते वरच्या कोर्टाकडे पाठवायचा अधिकार साहेबांना होता.

"ही साधी दुखापत दिसत नाही," ते म्हणाले. "खुनाचा प्रयत्न दिसतो. वरच्या कोर्टात चालू दे."

एवढा मोठा आरोप म्हटल्यावर जामीनही गेला. पोलिसांनी शिंप्याचा दंड धरला. बहीण धावत पुढे आली.

"साहेब, माझा दादा आज सुटणार होता ना?"

"बाई, वरचे साहेब नीट बघतील," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

वरच्या कोर्टात कसलं काय! कधी वकील आजारी, कधी साक्षीदार बेपत्ता, कधी तिथल्या साहेबांचीच बदली. तारखा पडत राहिल्या आणि शिंपी तुरुंगात कैद्यांचे कपडे शिवत राहिला. दुकान मालकाने दुसऱ्याला दिलं. बहीण आधी दर तारखेला यायची, मग अधूनमधून, मग येईनाशी झाली.

आणि एका सकाळी बढती मिळून वरच्या कोर्टाच्या खुर्चीत कोण येऊन बसावं? तेच साहेब.

शिंपी पार वाळला होता. साहेबांनी त्याला नावावरूनच ओळखलं. ठेकेदार केव्हाच मेला होता, आता भ्यायचं कुणाला? खटला चालवावा आणि याला सोडून द्यावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण ज्या प्रकरणावर आपणच एकदा मत लिहिलं, ते पुन्हा आपणच चालवलं तर लोक काय म्हणतील?

"हा खटला मी पूर्वी पाहिलेला आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "मला तो चालवणं योग्य नाही. दुसऱ्या कोर्टाकडे पाठवू. तिथले साहेब नीट..."

"नको, साहेब!" शिंपी पिंजऱ्याचा गज धरून ओरडला. "कात्री मीच मारली. लिहून घ्या. पाहिजे तेवढी शिक्षा द्या. शिक्षा कधीतरी संपते."